शंका असल्यास संपर्क साधावा

५ नोव्हेंबर

समुद्र-नकाशा विभागास, आणि पाकीट फोडणारी माझीच मुलगी असेल तर तिला,

नकाशा फुकट मिळाला असं मी सगळीकडे सांगत सुटलोय. खरा हिशेब असा: शेजारच्या झेरॉक्सवालीची तीन दुपारची झोप, माझा वाचायचा चष्मा (तिच्या स्टुलावर मीच ठेवला आणि मीच त्यावर बसलो), वर्कशॉपचं शटर तीन दिवस अर्ध्यावर, आणि तुझ्या आईने दोनदा गरम करून तिसऱ्यांदा नुसतंच झाकून ठेवलेलं जेवण. पैसा एकही गेला नाही. पण इतकं महाग फुकट मी आयुष्यात घेतलेलं नाही.

पत्ता आईने दिला असेल असं तुला वाटेल. तिने दिलेला नाही, उगाच तिच्यावर डाफरू नकोस. तो तुमच्या संस्थेच्या नकाशाखाली बारीक अक्षरांत होता. ‘शंका असल्यास संपर्क साधावा.’ मला शंका आहेत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

काम साधं आहे. समोरच्या बेटाचा धक्का वादळात मोडला. नर्सबाईंची लाँच आठवड्यातून तीनदा तिकडे जाते आणि तिला बांधायला जागा नाही. किनाऱ्यालगत सगळा खडक, म्हणून बेटाबाहेर खोल पाण्यात एक बोया सोडायचा. तळाला काँक्रीटचा ठोकळा, वर तरंगतं पिंप, मधे माझी साखळी. लाँच त्याला बांधायची आणि पुढे लहान होडीने किनारा गाठायचा. पाणी किती खोल ते कळलं की साखळी किती कापायची ते कळतं. त्यावर भरतीचं पाणी धरायचं, वर थोडी ढील ठेवायची, झालं.

आणि साखळीचं म्हणशील तर बंदरात कुणालाही विचार. तीस वर्षांत माझी एक साखळी कमी पडलेली नाही. वादळात बोये फुटले, होड्या फुटल्या, एका गृहस्थाचं लग्न फुटलं, पण माझी साखळी पुरली.

तर तुमचा नकाशा. आधी त्याने मला विचारलं, तुम्ही कोण? संशोधक, विद्यार्थी, शासन, की इतर? मी इतर झालो. मग विचारलं, उपयोगाचा उद्देश काय? मी लिहिलं, साखळी. त्याला ते पटलं असावं, कारण आत सोडलं. आत गेल्यावर उजव्या बाजूला थरांची एक लांब माळ. मला वाटलं जितके थर तितकी माहिती, म्हणून सगळ्यांवर टिचक्या मारल्या. समुद्रातळाच्या टेलिफोनच्या तारा आल्या, बुडालेली जहाजं आली, खारटपणा लाल-पिवळा होऊन आला, कासवं कुठून कुठे पोहत जातात त्याच्या रेघा आल्या. झेरॉक्सवाली मागून म्हणाली, “काका, यात समुद्र कुठे राहिला?” मग एकेक थर काढत बसलो. ती म्हणाली, “हळू, तो माउस आहे, हातोडा नाही.” कासवांचं मला आता बरंच कळतं. बोयाखाली पाणी किती, हे कळायला आणखी एक दुपार गेली.

शेवटी कामाच्या कागदावर दिलेली जागा टाकली, टाचणी पडली. झेरॉक्सवाली म्हणाली, बेट इतकं लांब आहे? मी म्हटलं, बाई, नकाशात सगळं पसरट दिसतं, तीस वर्षं बघतोय. तुमचा नकाशा म्हणाला उणे ३४ मीटर. मग खात्रीसाठी आणखी दोन संस्थांचे उघडले. एक म्हणाला उणे ३१, एक म्हणाला उणे २९. एकाच जागेला तिघे तीन सांगतात आणि तिघांच्याही चेहऱ्यावर काही नाही.

माझ्या शंका: एक, पाण्यात उणं काय असतं? पाणी तर आहे. दोन, तिघांत खरं कोण? तीन, मी खाली उतरवून घेतलेली मोठी फाइल उघडली तर आत नकाशा नाहीच, नुसते आकडे, वरून खाली, घरंगळत. झेरॉक्सवालीचा कॉम्प्युटर त्यानंतर निपचित पडला तो संध्याकाळी उठला. हे तसंच असतं का?

काम अजून व्हायचंय, घाई नाही. सवडीने कळव. आईचे गुडघे बरे आहेत.

— एक इतर


८ नोव्हेंबर

बाळ,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. मी वर्कशॉपात होतो, ती फोन पुढे धरून दारातच उभी राहिली आणि शाळेत धडा वाचतात तसं वाचलं: “आई, त्यांना सांग, समुद्राची सरासरी पातळी म्हणजे शून्य, त्याच्या खालचं ते उणे. तीन नकाशांत तीन आकडे येणारच. काही ठिकाणी तळ खरंच मोजलेला असतो, काही ठिकाणी उपग्रहावरून काढलेला असतो, काही ठिकाणी शेजारच्या मोजमापांवरून भरून काढलेला असतो. सोबत एक वेगळा थर असतो, त्यात कुठे काय केलंय ते लिहिलेलं असतं. आणि तळ स्वतः मोजल्याशिवाय साखळी कापू नका म्हणावं.”

“त्यांना सांग.” बरं. आईने सांगितलं.

तो वेगळा थर मी जाऊन बघितला. आमच्या समोरच्या पाण्यात ठिपके ठिपके आहेत, मधे नुसता राखाडी रंग. राखाडी म्हणजे भरून काढलेलं. म्हणजे आपला समुद्र बराचसा कुणी बघितलेलाच नाही, आणि तरी जिथे बोट ठेवावं तिथे आकडा तयार. दुसऱ्याच एका राखाडी ठिकाणी तर ३४.२७. अंदाजाला टिंबानंतर दोन आकडे कशाला? आम्ही अंदाज सांगतो तेव्हा ‘पस्तीसएक’ म्हणतो, ऐकणाऱ्याला कळतं की हा चाचपडतोय. तुमच्यात ‘एक’ लावायची पद्धत नाही का? मला खरंच कळत नाही, टोमणा समजू नकोस. आईने हे पत्र पोस्टात टाकायच्या आधी वाचलं आणि ‘टोमणाच आहे’ म्हणाली.

तिचं तर वेगळंच काही चालू असतं. म्हणते, मुलगी कागदाच्या त्या प्रकरणापासून बोलत नाही. मी म्हटलं, कुठलं प्रकरण? तू नोकरीला गेलीस, लांब गेलीस, कामात असतेस. ती म्हणते, “अहो, तिने पहिला नकाशा करून आणला, आपल्या इथल्या सगळ्या समुद्राचा, एवढा मोठा कागद, आणि तुम्ही त्यातून पॅकिंग कापलंत.” आता पॅकिंग तर सगळेच कापतात. इंजिनाच्या पंपाचे दोन लोखंडी तुकडे जोडताना मधून पाणी झिरपू नये म्हणून जाड कागद लागतो. कागद जाड होता, चांगला होता, समोर होता. ते पॅकिंग अजून गळलेलं नाही. एवढ्यावरून माणूस चार वर्षं ‘त्यांना सांग’ म्हणेल, हे माझ्या डोक्यात बसत नाही. दुसरं काही असेल तर कळव.

तळ मोजल्याशिवाय कापू नका, हे चांगलं सांगितलंस. जरा उशिरा. साखळी कापून झाली होती. तसं कामही झालंय, अमावस्येलाच झालं. मागच्या पत्रात ‘व्हायचंय’ लिहिलं ते लिहिण्याच्या भरात. तिन्ही आकड्यांत मोठा धरला, तुमचाच, त्यावर भरती धरली, वर ढील ठेवली. ओहोटीला ठोकळा सोडला, बोया छान तरंगला, नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या.

आता भरतीला तो जरा खाली असतो.

पहिले दोन दिवस ओहोटीला वर यायचा, ते मी पाहिलं. अमावस्येचं उधाण ना, पाणी फार खाली उतरतं. आता मधले दिवस, ओहोटीलाही पाणी पुरतं उतरत नाही, म्हणून तो ओहोटीलाही खालीच असतो. पौर्णिमेला पुन्हा उधाण येईल, पाणी उतरेल, तो डोकं वर काढेल, मी त्याला पकडून साखळीचा तुकडा जोडून देईन. नऊ दिवसांचा प्रश्न. तेवढ्यात कुणाला कळायचंही कारण नाही.

माझा प्रश्न एवढाच की तुमच्या चौतीसचं काय झालं.

— बाबा


११ नोव्हेंबर

बाळ,

आईच्या फोनवर तीन ओळी आल्या. तिने वाचल्या नाहीत, फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. “बोया पाण्याखाली आहे म्हणजे लाँचच्या वाटेत आहे. बंदरात कळवलं का? आणि त्यांनी नकाशात जागा टाकताना जे आकडे टाइप केले ते जसेच्या तसे पाठवा.”

आकडे: अंश सोडून देतो, तेवढे तुला पाठ आहेत. पुढे कागदावर आठ होतं, मी टाकलं टिंब शून्य आठ. खालच्या ओळीत नऊ होतं, टाकलं टिंब शून्य नऊ. यात चुकायला काय आहे?

बंदरात कळवलेलं नाही. पण काळजी करू नकोस, मी हल्ली मासेमारीला जातो. नर्सबाईंची लाँच निघायच्या आधी माझी होडी घेऊन बोयाच्या जागेवर नांगर टाकून बसतो, काठीला तुझ्या आईची लाल चादर बांधून. लाँचला वळसा घालावा लागतो. तांडेल परवा इंजिन मंद करून ओरडला, “काय काका, म्हातारपणी मासेमारी?”

“हवा चांगली आहे.”

“गळ कुठाय?”

“पाण्यात.”

“आणि दोरी?”

मी म्हटलं, “तू लाँच चालव.” लाँचमधे हसू पसरलं, ते मला इथवर ऐकू आलं. नर्सबाईही हसत होत्या, मांडीवर लसींचा डबा घट्ट धरून.

काल मात्र मी पोचायला जरा मागे पडलो. होडी सुरू होत नव्हती. (पॅकिंग नाही, दुसरं काही.) लाँच सरळ गेली आणि मला तो आवाज आला. तुला माझे कान माहीत आहेत. इंजिनाच्या आवाजात मधेच एक खरखर, फार थोडी, पिंपाच्या पत्र्यावरून पंखा घासावा तशी. लाँच थांबली. तांडेल वाकून बघू लागला. मी पोचलो तेव्हा तो म्हणाला, “ओंडका असेल, वादळातला.” मी म्हटलं, “ओंडकाच.” नर्सबाईंचा डबा खाली पडला होता, त्या लशी एकेक बाहेर काढून बाटल्या उन्हाकडे धरून बघत होत्या. एकही फुटली नाही.

मग मी आकड्याने पाणी चाचपलं, दोराला लोखंडी आकडा बांधून सगळीकडे ओढला. बोया लागला नाही. इतकी वर्षं पाण्यात वस्तू सोडतोय, माझीच वस्तू मला सापडेना असं पहिल्यांदा झालं.

तुला वाटेल मी इज्जतीला घाबरतो. तेही आहे, खोटं कशाला बोलू. पण बंदरातल्या शिट्टीसाहेबांचा तो फॉर्म तुला ठाऊक नाही. (साहेब दातांतून सतत बारीक शिट्टी मारतात, म्हणून ते नाव.) त्यात पाचवा रकाना आहे, ‘खोली कोणत्या आधारे घेतली’. मी तिथे काय लिहू? तुमच्या नकाशाखाली, जिथे मला पत्ता सापडला, तिथेच काम करणाऱ्यांची नावं आहेत. सातव्या ओळीत तू आहेस. मी रकाना भरला की ते म्हणणार, कुणी केला नकाशा, आणि गावभर होणार की साखळीवाल्याची साखळी लेकीच्या नकाशाने बुडवली. तुमच्या ऑफिसापर्यंत जाणार. नोकरीत असलं फार लागतं, मी नोकरी केली नाही पण ऐकून आहे.

आई आत्ता मागे येऊन उभी आहे. म्हणते, “हेही लिहा की शिशाचा गोळा बांधलेली पाणी मोजायची दोरी भिंतीला तशीच लटकत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला न नेता गेलात. आणि का ते मी सांगू? सातव्या ओळीत नाव दिसलं, तिथेच हे थांबले. तीन दुपार तेच बघत बसले होते, झेरॉक्सवालीने मला सांगितलं.”

झेरॉक्सवाली फार बोलते.

आणखी एक आहे. ठोकळा सोडला तेव्हा साखळी होडीच्या कडेवरून धडाधड सुटत होती. साखळी पुरेशी असली की ठोकळा तळाला लागल्यावर ती सैल पडते, आवाज ढिला होत विरतो. त्या दिवशी तो विरला नाही. शेवटची कडी ताठ होऊन टणकन वाजली. मला ऐकू आलं होतं. पण समोर बोया तरंगत होता आणि नकाशात चौतीस लिहिलं होतं, मग कानाचं कोण ऐकतं.

सहा दिवस राहिले. मी बसतोच आहे तिथे.

— बाबा


१४ नोव्हेंबर

बाळ,

मेसेज माझ्या फोनवर आला. आधी मला वाटलं बँकेचा. मग वर ‘बाबा’ दिसलं. बराच वेळ तेवढंच वाचलं, त्यामुळे पुढचं कळायला वेळ लागला. आणि खरं सांगायचं तर पुढचं वाचूनही कळलं नाही.

तू लिहिलंस, “बाबा, नकाशा बरोबर आहे. तुम्ही बघितलंत तिथे चौतीसच आहे, ती जागा आमच्या जहाजाने मोजलेली आहे. पण तुमचा बोया तिथे नाही. कागदावर आठ मिनिटं होती. एका अंशात साठ मिनिटं. तुम्ही टाकलंत त्याचा अर्थ नकाशाने घेतला, अंशाचे शंभर भाग करून त्यातले आठ. तुम्ही पाचेक मैल पलीकडचा तळ बघितलात. आता हे वाचून झालं की उठा आणि बंदरात जा. माझ्या नावाचं मी बघेन.”

हे घेऊन मी झेरॉक्सवालीकडे गेलो. ती म्हणाली, “काका, साडेचार वाजले हे घड्याळात कसं दिसतं?”

“चार तीस.”

“आणि कॅल्क्युलेटरवर साडेचार कसे टाकाल?”

“चार टिंब पाच.”

“चार टिंब तीन नाही ना टाकणार?”

मी उठलो, तिच्या माठातलं पाणी प्यायलो, परत बसलो. म्हणजे मी नकाशाला घड्याळ सांगितलं आणि त्याने गणित ऐकलं. आणि तिने त्या दिवशी विचारलं होतं, बेट इतकं लांब आहे? तिने ते आठवूनही दिलं, अगदी माझ्या आवाजात: “बाई, नकाशात सगळं पसरट दिसतं.” अजूनही मला एक समजत नाही. इतका हुशार नकाशा, कासवांची वाट त्याला पाठ, आणि एवढं विचारता येत नाही की, बाबा रे, साठातले आठ की शंभरातले? आम्ही होडीवाले सगळे साठातच बोलतो. तुमच्यातल्या कुणालातरी सांग.

मग बंदरात गेलो. शिट्टीसाहेबांनी खुर्ची दिली, फॉर्म काढला. पाचव्या रकान्यापर्यंत शिट्टी चालू होती.

“खोली कशावरून घेतली?”

“नकाशावरून.”

“कुणाच्या?”

“मुलीच्या.”

शिट्टी थांबली. “नकाशा चुकला?”

“नकाशा बरोबर आहे. मी पाच मैल पलीकडे वाचला.”

त्यांनी पेन ठेवलं. म्हणाले, “काका, हे इथे कसं लिहू?” मी म्हटलं, “असंच लिहा, नाहीतर मी लिहितो.” त्यांनी लिहिलं. ‘अर्जदाराने’ असं लिहून पुढे माझंच वाक्य. मग त्यांनी वायरलेसवरून सगळ्या होड्यांना सांगितलं, त्या जागेपासून लांब राहा, पाण्याखाली बोया आहे. कुणाचा तेही सांगितलं. वायरलेस प्रत्येक होडीत मोठ्याने लावलेला असतो. माझं नाव इतक्या ठिकाणी एकदम याआधी कधी ऐकू आलं नव्हतं.

माझा परवाना बोया काढेपर्यंत अडकवलाय. लाँच बेटाच्या मागच्या बाजूने लांबून जाते, नर्सबाईंचा अर्धा दिवस त्यातच जातो. तांडेल संध्याकाळी वर्कशॉपासमोरून गेला, थांबला. मला वाटलं आता शिव्या. तो म्हणाला, “तुमच्याकडचं लाकूड फार जड असतं, काका,” आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्याचा अर्थ रागाचा लावावा की गमतीचा, ते ठरत नाहीये. आवाजावरून दोन्ही वाटलं.

तुझ्या मेसेजचंही तसंच. ‘माझ्या नावाचं मी बघेन’ हे तू चिडून लिहिलंस की कसं? लिहिलेल्यात मला आवाज ऐकू येत नाही. फोन केलास तर ओळखेन.

— बाबा


१९ नोव्हेंबर

बाळ,

परवा पौर्णिमेच्या ओहोटीला बोयाने डोकं काढलं. पाणी उतरत उतरत गेलं आणि आधी त्याचा रंग दिसला, मग पत्रा, त्यावर पंख्याने ओरखडलेली चंद्रकोर. तांडेल स्वतः लाँच घेऊन आला होता, बोलावलं नव्हतं. त्याच्याच कप्पीने सगळं वर घेतलं, ठोकळ्यासकट. ओरखड्यावरून त्याने बोट फिरवलं आणि नर्सबाईंना म्हणाला, “बघा बाई, ओंडका.” त्या हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, “पुढच्या वेळी मला आधी सांगा. मी टाळ्या नंतर वाजवेन.”

आता नवी साखळी कापायची तर खोली कशावरून घ्यायची? नकाशात योग्य जागा टाकून बघितली, झेरॉक्सवालीने आकडे टाकले, मी फक्त वाचून दाखवले. तिथे राखाडी निघालं. भरून काढलेलं, ३६ का काहीतरी. मग तुझी आई कपाटामागे हात घालून एक गुंडाळी घेऊन आली. तुझा तो कागद. तिने चार वर्षं तिथे ठेवला होता आणि मला पत्ता नव्हता.

खरं सांगू, उलगडताना मला वाटत होतं की बेटाजवळचा आकडा माझ्या पॅकिंगमधेच गेलेला असणार. तसं असतं तर बरं झालं असतं, मला बोलायला काही राहिलं असतं. भोकं आहेत, चांगली मोठी, कडा अजून कोऱ्या आहेत. पण सगळी बंदराच्या तोंडाशी. बेटाकडचा कोपरा जसाच्या तसा. तिथे तुझ्या अक्षरात ४०. पेन्सिलीने बाजूला ‘दोरीने मोजलं’, आणि तारीख. माझीच होडी, तुझी सुट्टी, आठवतं? तू दोरी सोडत होतीस आणि मी ओरडत होतो की घाई कर, बेटावर पोचवायचा बर्फ वितळतोय. मी तेव्हा बघितलंही नव्हतं काय लिहितेस.

तरी मी या वेळी स्वतः गेलो. शिशाची दोरी घेऊन. तुझा कागद सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजतो, तुमच्या ऑफिसचा नकाशा सरासरी पातळीपासून, या दोन शून्यांत कुठला शून्य कुठे, यात माझी अर्धी सकाळ गेली. पण दोरी आणि तुझा कागद जुळले. साखळी कापली ती त्याच्यावरून. काल बोया बसवला. या वेळी शेवटच्या कडीचा आवाज विरला. लाँच भरतीत बांधली, ओहोटीत बांधली, तांडेल पिंपावर उभा राहिला. परवाना परत मिळाला, पाचव्या रकान्याची एक प्रत शिट्टीसाहेबांनी भिंतीवर लावलीय.

तुझा काल आलेला मेसेज: “तो कागद फेकू नका. मला बघायचाय.” याचा अर्थ लागत नाही. बघायचाय म्हणजे येऊन, की फोटो पाठवू? आई म्हणते येऊनच, आणि तिने माळ्यावरची तुझी गादी उन्हात टाकलीय. झेरॉक्सवाली म्हणते फोटो, आणि तिने तिचं मशीन साफ करून ठेवलंय. मी दोघींना सांगितलं की थांबा, विचारतो. म्हणून हे पत्र. आलीस तर भोकं तुला दिसतीलच, आणि पॅकिंग होडीच्या इंजिनात आहे, हवं असेल तर उघडून काढून देईन.

त्याच मेसेजच्या शेवटी तू विचारलं होतंस, जुनी साखळी किती. अंगणातून रस्त्यापर्यंत ताणून मोजली, तुझ्या आईने दुसरं टोक धरलं होतं.

भरतीच्या पाण्याला नऊ हात कमी होती.

— बाबा